पुलापलीकडचं दुकान

प्रिय भिंगरी,

खोक्यातलं पाकीट आधी फोडू नकोस, हे वाच. मला माहीत आहे, तू पुस्तकाचंसुद्धा शेवटचं पान आधी वाचणारी पोरगी, म्हणून मी या पानांवर आकडेच घातलेले नाहीत. आता बस शोधत! बाबा मघापासून विचारतायत, फोन करायचा सोडून पानंच्या पानं काय लिहीत बसलीस. त्यांना काय सांगू? फोनवर मी "जेवलीस का"पासून सुरू करते आणि "दार नीट लाव"वर थांबते, मधलं सगळं राहून जातं. परवा तेच झालं. तू म्हणालीस, त्या संशोधनाच्या बोटीवर तुझी निवड झाली, सहा महिने समुद्र, ठिकठिकाणचं पाणी बाटलीत भरून तपासायचं, एवढ्या अर्जांतून तीन जणांनाच घेतलंय. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात तू म्हणालीस की शुक्रवारी त्यांना नाही म्हणून कळवणार आहेस. माझे हात तसेच वर राहिले गं! कारण विचारलं, तर म्हणालीस, आई, त्या परीक्षेच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंयस, मी मुळातच कच्ची आहे, भर समुद्रात तसं झालं तर कुठे पळू? आणि यावर तुझी आई काय म्हणाली? जेवलीस का म्हणाली.

तर म्हणून हे पत्र. आज सोमवार. कुरियरवाल्याला दोनदा बजावलंय, बुधवारी पोचलंच पाहिजे. म्हणजे वाचायला, माझ्यावर चिडायला आणि पुन्हा शांत व्हायला तुला दोन दिवस मिळतात. पुरे होतील. तू चिडतेस लवकर आणि शांतही लवकर होतेस, हा गुण बाबांचा.

आता बातमी ऐक. दुकानातलं मागचं कपाट आज पुढे आलं! हसू नकोस, ते कपाट म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सर्दीची, पित्ताची, गुडघ्यांची औषधं पुढच्या काचेत मिरवतात, आणि मनाची औषधं पडद्यामागच्या कपाटात, कुलपात. कुलूप नियमाचं आहे, ते राहणारच. पण पडदा माझा होता. दोन घड्यांची पद्धतही माझीच. खोकल्याच्या औषधाच्या पिशवीला मी एक घडी घालते, आणि त्या कपाटातल्या औषधाच्या पिशवीला दोन घड्या घालून वर पिन मारते, म्हणजे रस्त्यात कुणाला आतलं नाव दिसायला नको. गिऱ्हाईकही आवाज खाली आणूनच चिठ्ठी पुढे सरकवायचं. आम्ही दोघं अशी कुजबुजायचो की ज्याला काही देणंघेणं नाही असा शेजारचा माणूसही कान टवकारायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी लोकांची अब्रू सांभाळतेय.

हे सगळं आज का बदललं ते सांगायचं तर मला साथीच्या दिवसांपर्यंत मागे जावं लागेल. मला धड क्रमाने काही सांगता येत नाही, पण आज प्रयत्न करते. त्या कपाटाची एक वही असते, कुठलं औषध कुणाला दिलं ते लिहायची. नाव, वय, डॉक्टर. साथीच्या आधी वयाच्या रकान्यात साठ, अडुसष्ट, पंचावन्न असले आकडे असायचे, मध्येच एखादा तिशीतला. टाळेबंदी लागली आणि पहिले दोन महिने जी थोडी तरुण नावं होती तीही गेली. मी वेड्यासारखी खूश! म्हटलं, कॉलेजं बंद, धावपळ बंद, पोरं निवांत झाली. पोरं कसली निवांत, दवाखाने बंद होते. मग डॉक्टर फोनवर भेटायला लागले आणि वही बघता बघता भरली. सतरा, एकोणीस, बावीस, सोळा. मुलीच जास्त. चिठ्ठी घेऊन बहुतेक वेळा आया यायच्या, आणि मी काही विचारलेलं नसताना सांगायच्या, तशी ती अगदी नॉर्मल आहे हो. मी मान डोलवायची, दोन घड्या घालायची आणि मनात म्हणायची, काय एकेकाची घरं असतात.

आणि आपल्या घरात तू. तुझं भिंगरी हे नाव आत्यानं ठेवलं, कारण चालायला लागल्यापासून तू एका जागी उभी आहेस असं कुणी पाहिलंच नव्हतं. ती भिंगरी खिडकीशी जी बसली ती बसलीच. खरं सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. म्हटलं, पोर शांत झाली, शहाणी झाली. मग तुझे केस विंचरायचे राहायला लागले. मग ताटात अर्धं तसंच राहायला लागलं. कॉम्प्युटरवर तास चालू आणि तू भिंतीकडे बघतेयस. डॉक्टरीणबाईंना फोन करायचं तू ठरवलंस, एकोणीस वर्षांच्या पोरीनं, मी नाही. त्यांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. तीच गोळी माझ्यापासून चार पावलांवर, कपाटात होती. आणि मी काय केलं? मास्क लावला, त्यावर स्कार्फ गुंडाळला, काळा चष्मा चढवला, स्कूटर काढली आणि पूल ओलांडून सहा किलोमीटरवरच्या दुकानात गेले. कारण माझ्या वहीत माझ्या हाताने तुझं नाव लिहायचं नव्हतं मला. दुकानातल्या मदतनीस बाईंच्या नजरेला ते पडलं असतं, त्यांनी बहिणीला सांगितलं असतं, एवढाच विचार डोक्यात.

तिकडे फुटपाथवर खडूने आखलेल्या गोलात उभी राहिले. आत जाड चष्म्याचे एक गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी वाचली, पडद्याआड गेले, गोळ्या आणल्या, पिशवीला दोन घड्या घातल्या आणि पिन मारली. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, बरा समजूतदार माणूस भेटला.

पुढचं तुला पाठ आहे, तरी मी लिहिणार, कारण लिहिताना आत्ताही हसू येतंय. ज्यावरून मी रोज गिऱ्हाइकांवर खेकसते तेच मी घरी केलं. गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या. बाबांना आपण सांगितलंच नव्हतं. आपण म्हणजे मी. आणि तुझ्या बाबांनी दोन दिवस त्या डबीतल्या गोळ्या घेतल्या आणि गुडघे कसे हलके झाले ते शेजारच्या काकांना जिन्यात उभं राहून सांगत सुटले, वर त्यांना डबीही दाखवली! मी डोक्याला हात लावला, डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या काही होत नाही, पुन्हा घेऊ नका म्हणावं. आणि तू पोट धरून हसलीस. अडीच महिन्यांनी. बाबांना कळलं ते असं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून तुझ्या चहाच्या कपाशेजारी बशीत गोळी आणि पाण्याचा पेला तेच ठेवायला लागले. औषधाचा धंदा माझा, पण शहाणपण त्यांना होतं.

त्याच सुमाराला माझ्या दुकानात एक हेल्मेटवाला यायला लागला. मास्क, वर हेल्मेट, काच खाली. चिठ्ठी एका सोळा वर्षांच्या मुलाची, पत्ता पुलापलीकडचा. मी दोन घड्या घातल्या, पिन मारली. त्याने पिशवी घेतली, पिन काढली, पाकीट उलटं करून आधी मुदतीची तारीख बघितली, मग अंगठ्याने बॅचचा आकडा चाचपला, मग पुन्हा दोन घड्या घालून पिन जागेवर बसवली. असं गिऱ्हाईक नाही करत गं. असं औषधवालाच करतो. मी वर बघितलं तर काचेमागे जाड चष्मा! आलं का लक्षात? मी माझ्या पोरीसाठी त्याच्याकडे, तो त्याच्या पोरासाठी माझ्याकडे. पुलावर समोरासमोर आमच्या गाड्या जात असतील आणि दोघंही मान वळवत असू. त्याने ओळखलं की मी ओळखलं. तरी मी सुटे पैसे मोजून दिले आणि त्याने गाडीला किक मारली. तू बाहेरगावी शिकायला गेलीस आणि गोळी तिथेच घ्यायला लागलीस, तशा माझ्या फेऱ्या थांबल्या, त्याच्या चालूच होत्या.

आता त्याआधीचे, तू घरीच होतीस तेव्हाचे ते अकरा दिवस. त्यांच्याबद्दल थोडंच लिहिते आत्ता, बाकीचं नंतर. तू खाऊपिऊ लागली होतीस, आत्याशी फोनवर भांडण्याइतकी सुधारली होतीस. आणि मी तुला सांगितलं की टाळेबंदीमुळे माल येत नाहीये, डॉक्टरीणबाईंना विचारलंय, काही दिवस गोळी नसली तरी काही बिघडत नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी तुला चक्कर यायला लागली. डोक्यात दिवा लागल्या-विझल्यासारखं होतंय म्हणालीस. चहा सांडला म्हणून रडलीस. आठव्या दिवशी परीक्षा, तुझ्या खोलीत, कॉम्प्युटरवर. वीस मिनिटांत झाकण मिटल्याचा आवाज आला. मी दाराबाहेरच उभी होते. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, औषधाशिवाय काही दिवस गेले तरी बिघडत नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे बिघडलंय ते मीच. वर्ष गेलं तुझं. वर्षाचं काही नाही, तू दुसऱ्या वर्षी पहिली आलीस. पण ते वाक्य तू तेव्हापासून जपून ठेवलंयस, परवा फोनवर तेच काढलंस.

हां, तर आज! आज अकराच्या सुमाराला चष्मेवाले भाऊ दुकानात आले. हेल्मेट नाही, मास्क तर केव्हाच गेला. हातात चिठ्ठी नाही. मला म्हणाले, ताई, चहा मागवा, बोलायचंय. आणि सांगायला लागले. त्यांचा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. शनिवारी तो बापाच्याच दुकानात आला, दोन गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभा राहिला, नंबर आला तशी चिठ्ठी पुढे केली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, काका, ही गोळी आहे का तुमच्याकडे, की मी पुलापलीकडे जाऊ? अगं, त्या पोराला पहिल्यापासून माहीत होतं! पिशवीवर माझ्या दुकानाचा शिक्का असायचा ना. पाच वर्षं तो हा शिक्का बघत होता आणि बापाला आपली लाज वाटते असं समजून गप्प बसत होता. भाऊंनी पडद्यामागे जाऊन गोळ्या आणल्या, वहीत मुलाचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणे भरल्या डोळ्यांना रकानाच सापडेना, शेवटी मुलानेच पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं. मग दोघांना हसू फुटलं, मग रडू. मागच्या बाईंना खोकल्याचं औषध हवं होतं, त्या न घेताच निघून गेल्या. हे सांगताना भाऊंनी तीन वेळा चष्मा पुसला. मला म्हणाले, ताई, एवढं पेट्रोल जाळलं आपण, कशासाठी हो?

ते गेले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. बाबांना फोन केला, पान्हा घेऊन या. त्यांना वाटलं नळ फुटला. आम्ही दोघांनी आणि मदतनीस बाईंनी मिळून कपाट सरकवलं, मधल्या भिंतीला लावलं, पुढून दिसेल असं, कुलपासकट. पडदा बाईंनी काढला आणि विचारलं याचं काय करू. मी म्हटलं फडकी करा. आणि मग त्यांनी मला काय सांगितलं माहीत आहे? त्यांची भाची दोन वर्षं हीच गोळी घेतेय. आणि कुठून घेते? पुलापलीकडून! कारण मावशी या दुकानात कामाला. मी ज्यांच्या भीतीने सहा किलोमीटर गेले त्यांची भाचीही त्यांच्याच भीतीने सहा किलोमीटर जात होती. आम्ही दोघी त्या फडक्यांवर बसून वेड्यासारख्या हसलो.

संध्याकाळी एक मुलगी आली, कॉलेजातली असेल. सवयीने कुजबुजली. मी खोकल्याच्या औषधाला देते तसं उत्तर दिलं, नेहमीच्या आवाजात. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कुणालाच काही पडलेली नव्हती. मग तीही नीट बोलायला लागली आणि तिने मला विचारलं, ही गोळी कॉफीबरोबर घेतली तर चालते का? भिंगरी, इतक्या वर्षांत त्या गोळीबद्दल मला कुणी प्रश्न विचारायची ही पहिली वेळ! कुजबुजत कोण प्रश्न विचारणार? मला असा आनंद झाला की मी तिला सगळंच सांगत सुटले. आणि बोलता बोलता म्हटलं, बाळा, कधी बंद करावीशी वाटली तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, नाहीतर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, रडू येतं. एवढं बोलले आणि माझी जीभ तिथेच थांबली. ती पोरगी थँक्यू म्हणून गेली. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि हे कागद पुढ्यात घेतले.

माल येत होता, भिंगरी. त्या अकराही दिवसांत माझ्या कपाटात तुझ्या गोळीची चौदा पाकिटं होती, आणि डॉक्टरीणबाईंना मी काहीच विचारलेलं नव्हतं. तू हसायला लागलीस आणि मला वाटलं, झाली की बरी, आता कशाला पोरीला गोळीची सवय, उद्या कुणाला कळलं तर काय म्हणतील. एकदम बंद केल्यावर काय होतं ते मला माहीत होतं, आमच्या धंद्यात ते कुणालाही माहीत असतं. आपल्या पोरीला नाही होणार असं वाटलं. तुला चक्कर आली त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी गप्प बसले, खोटं उघडं पडेल म्हणून. परीक्षेनंतर तीन दिवसांनी माल आला म्हणून गोळी दिली. तू मीच कच्ची म्हणालीस आणि मी ते ऐकून घेतलं. पाच वर्षं ऐकून घेतलं, कारण तुझ्या मनातून उतरायची भीती वाटत होती. तू कच्ची नव्हतीस गं. गावातली कुठलीही दणकट पोरगी त्या आठव्या दिवशी तशीच उठली असती. तुला कोसळवलं ते मी, आणि त्या अवस्थेतही तू वीस मिनिटं पेपर लिहीत होतीस. बाबांना हे मी आत्ता लिहिणं थांबवून सांगितलं, ते उठले आणि पत्राला लावायला डिंक आणून ठेवला. डॉक्टरीणबाईंनाही फोनवर खरं सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली. त्यांनी दोन महिन्यांची चिठ्ठी पाठवलीय, बाकीचं तुझ्याशी बोलून ठरवू म्हणाल्या, बोटीवर डॉक्टर असतोच. खोक्यातलं पाकीट आता उघड. माझ्या वहीत आज पहिल्यांदा तुझं नाव आहे, पूर्ण, वय चोवीस, माझ्या अक्षरात. पिशवीला एकच घडी घातलीय, पिन नाही. शुक्रवारची वाट बघू नकोस, त्यांना आजच हो कळव. माझ्यावरचा राग बोटीवर घेऊन जा, सहा महिने आहेत, सावकाश काढ.

तुझीच, पुलाच्या अलीकडची,
आई